आम्हाला त्यातलं काय कळतंय, असं म्हणू नका

दिवाळी सरली की आपल्या कोकणपट्टीत चित्रांची प्रदर्शनं सुरू होतात. कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे वाचनालयाच्या माडीवर, कुठे देवळाच्या सभामंडपात. खाडी, माड, होड्या, मासे, सड्यावरची फुलं, बगळे. काढणारे गावातलेच. कुणी ड्रॉइंगचे मास्तर, कुणी कॉलेजात जाणारी पोर, कुणी रिटायर झालेला एसटीचा कंडक्टर.

दाराशी पाटी असते. प्रवेश विनामूल्य. आणि तुम्ही बाजाराची पिशवी सांभाळत पुढे निघून जाता.

का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मी जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली. ह्या उत्तराचा मला मनापासून राग आहे. तुमच्यावर नाही, उत्तरावर. एक गोष्ट सांगतो, मग बघा पटतं का.

आमच्या शाळेत असंच प्रदर्शन भरलं होतं. एका मुलीनं बांगड्याचं चित्र लावलं होतं. मोठा कागद, निळी-हिरवी पाठ, चांदीसारखं पोट. सगळे वाहवा करत होते. मीही केली. संध्याकाळी मासळी विकून परत जाणारी एक आजी उन्हाचा ताप झाला म्हणून पंख्याखाली येऊन बसली. टोपली पायाशी. बसल्या बसल्या तिची नजर चित्रावर गेली.

"मास्तरानू, ह्यो बांगडो खयचो?"

"आपलाच की," मी म्हटलं.

"मगे शेपटेकडे बोडको कित्याक?"

मला कळेना. तिनं टोपलीतला उरलेला एक बांगडा काढून माझ्यापुढे धरला. शेपटीच्या अलीकडे, पाठीवर आणि पोटाखाली, इवले इवले सुटे पर. "वयर पाच, खाली पाच. मोज."

मोजले. वर पाच, खाली पाच. इतकी वर्षं मी बांगडा खातोय, पोरांना मासे काढायला शिकवतोय. मला ते पर कधी दिसले नव्हते. तिला दिसत होते, कारण रोज ते तिच्या हाताखालून जातात.

त्या मुलीनं बांगडा फोनवरच्या फोटोवरून काढला होता. रात्री बसून तिनं तो पुन्हा काढला.

आता सांगा, कुणाला काय कळतं?

म्हणून पहिलं सांगणं एवढंच. आत जा. चपला काढा नाहीतर काढू नका, पण जा. चित्रातला समुद्र तुम्ही रोज बघता. बघून बोला. होडी नांगरावर असताना तोंड कुठे करते ते तुम्हाला ठाऊक आहे. ओहोटीला खाडीचा चिखल कुठवर उघडा पडतो ते ठाऊक आहे. मर्यादवेलीची फुलं कोणत्या रंगाची, सुरूच्या बनातला वारा कसा वाजतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. चित्र चुकलं असेल तर चित्रकाराला सांगा. चारचौघांत हसू नका, बाजूला घेऊन सांगा. नवशिका असेल तर जपून सांगा. तो रुसणार नाही. त्याला मुंबईचं कौतुक मिळेल एखादवेळेस, पण बांगड्याचे पर तिथे कोण मोजणार?

आवडलं तर तेही सांगा. आपल्याकडे आवडलं तर गप्प बसायची खोड आहे.

अभिप्रायाची वही असते, तिच्यात "छान" एवढंच लिहून सही ठोकू नका. काय आवडलं ते एका ओळीत लिहा. "ही रापण बघून माझ्या वडिलांची आठवण झाली," असं कुणी लिहिलं तर चित्रकाराला महिनाभर पुरतं.

रापणीवरून आठवलं. माझ्याकडे माझंच एक जुनं चित्र आहे. चाळीसेक वर्षांपूर्वीचं. रापण ओढताहेत. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, मधे केवढी तरी रुंद पुळण. आज त्याच जागी काळ्या दगडांचा बंधारा आहे. समुद्रानं वाळू नेली, मग सरकारनं दगड टाकले. माझा नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही वाळू जास्त काढलीत. मी जास्त काढली नव्हती. होती तेवढीच काढली होती.

हे ध्यानात घ्या. गावातल्या माणसानं काढलेलं गावचं चित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे. आपल्या दारापुढचा किनारा कसा होता ह्याचा तो कागद आहे. तुमच्या घरी कुणाच्या पेटीत असं जुनं चित्र पडलं असेल, तर पुढच्या प्रदर्शनाला ते द्या. विकायला नको, नुसतं लावायला द्या. खाली जागेचं नाव आणि साधारण साल लिहा.

आता पोरांचं.

पोरांना घेऊन जा. रविवारी सकाळी जा, गर्दी नसते. दारातच "हात लावू नको, पळू नको" हा पाढा सुरू करू नका. हात लावायचा नाही हे एकदा सांगितलं की पुरे. पोराच्या हातात पेन्सिल आणि वही द्या. सगळी चित्रं बघायची सक्ती नको. त्याला आवडेल ते एक चित्र त्याला निवडू द्या. त्याच्यासमोर बसून त्याला ते काढू द्या. तोवर तुम्ही बाकीची बघून या.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली, दहावीला वाढीव गुण मिळाले, की आपल्याकडे रंगपेटी माळ्यावर जाते. असं करू नका. रंगपेटी हाताशी राहू द्या. पावसात पोरं घरात कोंडतात तेव्हा तीच कामाला येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. 1 जून ते 31 जुलै होड्या वर ओढलेल्या, बाबा घरी, पडवीत जाळी विणणं चाललेलं. पोराला समोर बसवा आणि म्हणा, बाबाचे हात काढ. होडी पुढे कधीही काढता येईल. बाबा एवढा वेळ एका जागी बसलेला पुन्हा दिसायचा नाही.

चित्र विकत घ्यायचं तर किंमत विचारायला लाजू नका. विचारलं म्हणजे घ्यायलाच हवं असं नाही. मोठं परवडत नसेल तर लहान असतं. पोस्टकार्डाएवढीही चित्रं असतात. घेताना एवढं विचारा, हे हातानं काढलेलं आहे की छापलेलं? दोन्हींत वावगं काही नाही, पण छापलेल्याला हातच्याचे पैसे देऊ नका. चित्राच्या मागे नाव, जागा आणि तारीख लिहून घ्या. पाच वर्षांनी कुणाचं होतं, कुठलं होतं, सगळं विसरतं.

आणि "एवढ्याशा कागदाचे एवढे पैसे?" असं म्हणू नका. मुंबईचं गिऱ्हाईक हापूसची पेटी उघडून असंच म्हणतं, तेव्हा तुमच्या पोटात काय होतं ते आठवा. मोहोर, थ्रिप्स, फवारण्या, अवकाळी पाऊस, सगळं तुम्ही त्याला सांगत बसता. कागदामागेही असं काहीबाही असतंच.

लग्न, वास्तुशांत, बारसं, ह्यांत आपण काचेचे सेट आणि भिंतीवरची घड्याळं देतो. घेणाऱ्याकडे ती आधीच चार असतात. त्याऐवजी गावच्या पोरीनं काढलेली खाडी द्या. नाहीतर सावंतवाडीची लाकडी फळं द्या. चितारआळीतला आंबा आणि सीताफळ बघून पाहुण्याचं पोर अजूनही चावायला जातं. हे काम पूर्वी पांगाऱ्याच्या लाकडावर चाले. हलकं, मऊ, कोरायला सोपं. त्याच गावचा गंजिफा दाखवा. दशावतारी गंजिफाची 120 पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पहिला अवतार मत्स्य, दुसरा कूर्म. समुद्राकाठच्या माणसानं हसत हसत घ्यावा असा खेळ आहे.

चित्र घरी आलं, आता ते सांभाळायचं कसं, हे जरा सविस्तर सांगतो. कारण इथे मी स्वतः पोळलोय.

तारकर्लीच्या खाडीचं माझं एक जलरंगातलं चित्र होतं. चांगलं उतरलं होतं, मी सहसा असं म्हणत नाही. हौसेनं फ्रेम करून घेतलं. फ्रेमवाल्यानं मागे कसला तरी जुना पुठ्ठा लावला आणि चित्र काचेला घट्ट चिकटवून बसवलं. मी बघितलं नाही. वर शहाणपण असं की ते पश्चिमेच्या भिंतीवर टांगलं. आषाढात पाऊस त्याच भिंतीवर बडवतो. भाद्रपदात बघतो तर आभाळभर तपकिरी ठिपके. मी घाबरून काच काढली आणि ओल्या फडक्यानं बुरशी पुसायला गेलो. बुरशी गेली नाही. होडी गेली.

तेव्हा ऐका. पश्चिमेची भिंत नको. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको. चुलीच्या किंवा गॅसच्या वर तर नकोच, फोडणीचा चिकट धूर काचेच्या फटीतून आत जातो. जिथे थेट ऊन पडतं तिथेही नको, रंग उडतात. मधली भिंत सगळ्यात बरी, जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत.

फ्रेम करताना काच आणि कागद ह्यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. म्हणजे कागद काचेला टेकत नाही. टेकला की दमट हवेत तो काचेलाच चिकटतो, मग सोडवताना रंगासकट निघतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि चित्र ह्यांच्यात बोटभर वारा खेळला पाहिजे.

मृगाच्या आधी चित्र उतरवून मागून बघा. ओल दिसली तर पावसाळाभर ते कोरड्या कपाटात ठेवा, जुन्या सुती साडीत गुंडाळून. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पिशवीत ओल आतच कोंडते. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. बुरशी आलीच तर पुसू नका. कोरड्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर ठेवा. पूर्ण सुकली की मऊ कोरड्या ब्रशनं हळूच झटका, तेही अंगणात, तोंडाला फडकं बांधून.

एवढं केलंत तर चित्र नातवंडांपर्यंत जाईल.

आता जरा कडू बोलतो.

निसर्गावरचं प्रदर्शन म्हटलं की काही जण किनाऱ्यावर पोती घेऊन जातात. शिंपल्यांची तोरणं, शंखांचे गणपती, वाळक्या समुद्रपंख्याला सोनेरी रंग मारून फ्रेम. दिसायला छान दिसतं. पण हे थांबवा.

रिकामा शंख आपल्याला रिकामा वाटतो. ओहोटीला खडकात बसून बघा, त्यातले किती चालू लागतात. आत खेकडा असतो. त्याच्या मागच्या मऊ भागाला कवच नसतं, म्हणून दुसऱ्यानं सोडलेल्या शंखात तो बिऱ्हाड करतो. वाढला की मोठा शंख शोधतो. तुम्ही पोतंभर शंख नेलेत तर त्यानं कुठे जावं? चार फुटके शिंपले पोरानं खिशात घातले तर समुद्र ओस पडत नाही. पोतं भरू नका एवढंच.

पोवळं, समुद्रपंखा, समुद्रघोडा, कासवाची पाठ, ह्यांना मात्र हातच लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ह्यांना संरक्षण आहे. विकणंच नव्हे, घरात बाळगणंही अंगाशी येतं. "मला माहीत नव्हतं" हे पोलीस ऐकून घेत नाहीत. मालवणचा समुद्र तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथली पोवळी पाण्यात राहिली म्हणून तर लोक ती बघायला येतात आणि तुमच्या खोल्या भरतात. दुकानात असलं काही दिसलं तर घेऊ नका, पाहुण्यालाही घेऊ देऊ नका. प्रदर्शनात दिसलं तर मांडणाऱ्याला बाजूला बोलावून समजवा. बहुतेकांना खरंच ठाऊक नसतं. त्याला म्हणा, समुद्रपंख्याचं चित्र काढ, तेच फ्रेम कर.

वाळूची शिल्पं करायची हौस असेल तर भरतीच्या रेषेच्या खाली करा. पुढच्या भरतीला समुद्र आपला माल परत नेतो, कुणाचं काही बिघडत नाही. वरच्या बाजूला, मर्यादवेल पसरलेली असते तिथे खणू नका. ती वेल वाळू धरून ठेवते. शिवाय थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कासवं तिथेच अंडी घालतात. वेळासला 2002 पासून ही घरटी राखायचं काम चाललंय, नंतर तिथे कासव महोत्सवही सुरू झाला. गावातल्या लोकांनी पाहुण्यांना घरी जेवू घातलं आणि पिल्लं समुद्रात गेली. पिल्लं उजेडाकडे धावतात. त्यामुळे त्या दिवसांत किनाऱ्याला तोंड करून हॅलोजन लावू नका. प्रदर्शन दिवसा भरवा नाहीतर आतल्या बाजूला भरवा.

सड्यावरच्या कातळशिल्पांचंही तेच. कशेळीच्या सड्यावर कुणी तरी, कधी तरी, भलामोठा हत्ती कोरला आणि त्या हत्तीच्या अंगात मासे आणि कितीतरी प्राणी कोरले. निसर्ग बघून चित्र काढायचं खूळ आपल्याकडे आजचं नाही. 2022 मध्ये कोकणातली अशी नऊ ठिकाणं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सहल घेऊन जरूर जा. पण फोटोत रेघ उठून दिसावी म्हणून खडू किंवा चुना भरू नका. त्यावरून चालू नका. कडेला बसा, वहीत काढा. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा, सावलीनं रेघ आपोआप दिसते.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना चार शब्द. तुमचं मन चांगलं आहे, पैसे कमी आहेत, हे मला माहीत आहे.

उद्घाटनाची भाषणं आटोपती घ्या. वेळ दुपारी चार ते रात्री आठ ठेवा, बाजार उरकून बायका येऊ शकतात; रविवारी मात्र सकाळीही उघडा. चित्रं फार वर टांगू नका, दहा वर्षांच्या पोराला मान वर करावी लागू नये. चार खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी ठेवा. खुर्ची आणि पंखा ह्यांनी काय होतं ते बांगड्याच्या गोष्टीत सांगितलंच. फ्लेक्स आणि थर्माकोल नको, वाऱ्यानं उडून तेच उद्या जाळ्यात येतं. पांढऱ्या चादरी, झावळ्यांची झापं, जुनं शीड, एवढ्यावर भागतं.

चित्राखाली नाव मराठीत लिहा. तेही आपल्या तोंडातलं नाव. मर्यादवेल, सुरमई, मुळे, कालवं. "सनसेट ॲट बीच" अशी पाटी वाचून आमची माणसं दारातूनच मागे फिरतात. कुठली पुळण, कोणत्या महिन्यातला मावळता सूर्य, हे लिहा. मग बघा कशी हुज्जत घालायला येतात.

आणि चित्रकाराला चित्राजवळ बसवा. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांची पोथी असते. एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात गात त्यातली गोष्ट सांगायची. ती परंपरा जपली म्हणून परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री मिळाली. पिंगुळीत चित्र एकटं सोडत नाहीत. आपण मात्र चित्र खिळ्याला लटकवतो, चित्रकार बाहेर चहा पीत उभा, आणि मग म्हणतो लोकांना कळत नाही. त्याला आत बसू द्या. कुणी थांबलं की त्यानं सांगावं, ही होडी कुणाची, हा बगळा कुठे बसला होता. गावाला गोष्ट ऐकायला वेळ असतो.

त्या बांगड्याचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी आजी दोन शेजारणींना घेऊन आली. नवं चित्र लावलं होतं. तिनं जवळ जाऊन, बोट कागदाला न लावता, वरचे पर मोजले, मग खालचे. मान हलवली. मग किंमत विचारली आणि घासाघीस केली. मासळीवाली ती, ऐकते कुठे. शेवटी पोरीनं थोडं कमी केलं, आजीनं थोडं वाढवलं.

गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो होतो. चित्र स्वयंपाकघरात लावलेलं, विळीच्या बरोबर वर, चुलीपासून दोन हातांवर. मी तिथल्या तिथे उतरवायला लावलं. आता ते ओटीवर आहे, आतल्या भिंतीला, कालनिर्णयच्या शेजारी. दारात आलेल्या प्रत्येकाला ती आधी पर मोजायला लावते, मग चहा ठेवते.